चाक माझं, तोंडही माझं

फिनिक्स
२० मे १९९६

प्रिय मावशी,

हे पत्र बसून वाच. मेंढ्या बाहेर असतील तर आधी कोंडून घे आणि मग बस.

झालं एकदाचं. केसलर साहेबांनी मान डोलावली. आमच्या कंपनीची दिवसभराची सहल या वेळी तुझ्याबरोबर जाणार. शुक्रवार, १२ जुलै, सकाळी आठ वाजता. आठ पाहुणे, दरीच्या तोंडापासून थेट आजीच्या शेतापर्यंत, आणि संध्याकाळी परत. साहेब स्वतः येणार आहेत. दिवस त्यांच्या मनासारखा गेला, तर पुढच्या वर्षीपासून दरीतल्या आमच्या सगळ्या सहली तुझ्या.

शाळेची बस सत्तावीस वर्षं चालवताना तू कितीदा म्हणालीस, की आपल्या दरीत गाडी विल्सनमामासारख्या आपल्या आदिवासी माणसाने हाकायची आणि शेजारी बसून माइकवर बडबडायचं फिनिक्सच्या गोऱ्या माणसाने, हे बघून तुझं डोकं उठतं. आता बघ, चाकही तुझं आणि तोंडही तुझं. मी दोन वर्षं या टेबलावर तिकिटं फाडता फाडता साहेबांच्या कानाशी भुणभुण केली, तेव्हा कुठे हे जमलंय. मला चांगली मेजवानी हवी.

सोबत कंपनीने केलेला दिवसाचा कागद आहे. कुठे थांबायचं, काय बोलायचं, सगळं लिहिलंय. जेवणानंतर झाडाखाली कोल्ह्याची गोष्ट सांगायची, त्याने तारे कसे उधळून दिले ती. साहेबांना ती फार आवडली आहे. दिवसाचा कळस म्हणतात ते तिला. तेवढी पाठ करून ठेव.

तुझी,
रोशेल


चिनली
२९ मे १९९६

चि. रोशेल,

बसून वाचलं. मेंढ्या कोंडल्या नव्हत्या, त्यातल्या दोघी त्या वेळात कुंपण ओलांडून विल्सनच्या मक्यात गेल्या. त्याची बोलणी तुझ्या नावावर खाल्ली आहेत.

पोरी, तू केलंस ते थोडं नाही. मला आनंद लपवता येत नाही, म्हणून विल्सनसमोर मुद्दाम तोंड वाकडं करून बसले होते. त्याने लगेच ओळखलं.

आता तुझा कागद. बाकीचं चालेल. 'गूढ', 'प्राचीन' वगैरे शब्द मी गाळून टाकीन. पण ती गोष्ट जुलैत होणार नाही. दव गोठल्याशिवाय त्या लबाडाच्या गोष्टी सांगत नाहीत. साप बिळात गेले पाहिजेत, वीज झोपली पाहिजे, तेव्हा त्या बाहेर काढायच्या. हे तुला मी काय सांगू? उन्हाळ्यात मी त्याचं नावही लिहीत नाही, तू मात्र चांगलं ठसठशीत लिहिलंयस.

हा कागद लिहिला कोणी? ज्याने लिहिला त्याने गोष्ट कुठेतरी वाचली आहे, ऐकलेली नाही. शेवटी तो जे म्हणतो तेच त्यात नाही. बिनमिठाचं मटण झालंय.

तुझ्या आईला सांग, गुडघ्याला तेल लाव, नुसतं कण्हू नको.

मावशी


फिनिक्स
८ जून १९९६

प्रिय मावशी,

कागद कंपनीचा आहे. कोणी लिहिला याने काय फरक पडतो?

इथे घोडं कशावर अडलंय ते ऐक. साहेबांनी पत्रकात गोष्ट छापून टाकली आहे. पाहुण्यांनी ती वाचून जागा घेतल्या आहेत. गोष्ट नाही म्हटलं तर साहेब म्हणतील, मग आमचा माइकवाला काय वाईट होता? एका दिवसाचा प्रश्न आहे. पंधरा मिनिटांची गोष्ट. तेवढ्यासाठी तू हाताने आपलं ताट ढकलतेयस.

आणि हे दव गोठायचं कारण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आजीकडे गोष्ट मागितली की दव. आईकडे मागितली की दव. कुणाला सांगायच्या आणि कुणाला नाही, हे तुमच्याकडे आधीच ठरलेलं असतं. शहरात वाढलेल्या मुलीला टाळायचं तर तसं स्पष्ट म्हणावं.

जाऊ दे. पाहुणे आदल्या संध्याकाळी चिनलीच्या मोटेलात उतरतील, साहेबही. सकाळी आठला दारात गाडी लाव. कृपा करून भांडू नकोस.

रोशेल


चिनली
१७ जून १९९६

चि. रोशेल,

आठ म्हणजे आठ. पोरांची बस मी कधी एक मिनिट उशिरा नेली नाही, आणि उशिरा येणाऱ्यासाठी कधी थांबवलीही नाही.

गोष्ट सांगणार नाही. बाकी सगळा दिवस असा देईन की त्यांच्या नातवंडांना पुरेल. तो देऊनही तुझे साहेब नाही म्हणाले, तर मी मेंढ्या राखीन. पण आईच्या शेतात बसून रीत मोडलेली बाई म्हणून मला मरायचं नाही.

तुझ्या पत्रातली एक ओळ मला टोचते आहे, टाळण्याबद्दलची. आत्ता उत्तर देत नाही. आधी ट्रकचे टायर बदलायचे आहेत.

मावशी


चिनली
१५ जुलै १९९६

चि. रोशेल,

गावच्या कचेरीत तुझे तीन फोन येऊन गेले म्हणे. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, आणि तिथे सगळं गाव कान लावून बसतं. केसलर साहेबांनी आपली बाजू मांडलीच असेल, आता माझी ऐक.

मी आठला पाच मिनिटं कमी असताना मोटेलच्या दारात होते. आठही पाहुणे टोप्या घालून तयार. साहेबांचा पत्ता नाही. दार वाजवलं, आतून घोरणं ऐकू आलं. मग माझ्या ध्यानात आलं. उन्हाळ्यात आपल्याकडची घड्याळं तासभर पुढे जातात, फिनिक्सवाले आपली हलवत नाहीत. साहेबांच्या मनगटावर फिनिक्सचे सात वाजले होते. तू त्यांना हे बजावायला विसरलीस, आणि मी त्यांना उठवायला विसरले. आपण दोघी एकाच रक्ताच्या.

आठ वाजले. मी गाडी सुरू केली.

रात्री डोंगरात पाऊस झाला होता, त्यामुळे दरीतला ओढा पोटरीभर वाहत होता. तिथली वाळू वरून टणक दिसते आणि आतून गाडी गिळते, हे तुला माहीत आहे. मी उतरले, अनवाणी चालून पाहिलं, पाहुण्यांनाही बूट काढायला लावले. म्हटलं, पायाला विचारा कुठे धर आहे. मिसेस प्रुइट म्हणून शहात्तर वर्षांची बाई होती, ओहायोची, नवरा गेल्या वर्षी वारला तिचा. ती सगळ्यांच्या पुढे. "इथे घट्ट आहे," म्हणाली, आणि खरंच होतं. मी तिच्याच पावलांवरून ट्रक काढला. पलीकडे गेल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या तिच्यासाठी.

मी त्यांना खडकावरची जुनी घरं दाखवली आणि सांगितलं की ती आमच्या लोकांची नाहीत, आमच्या आधीच्यांची आहेत, म्हणून आम्ही आत जात नाही. एकाने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, दुसऱ्याच्या घरात काय आहे हे मला माहीत नसतं. तो हसला, पण कॅमेरा खाली घेतला त्याने. मी आपल्या रीतीने बोटाऐवजी ओठ पुढे काढून वाटा दाखवत होते. दुपारपर्यंत ते सगळे बोट दाखवायचं सोडून ओठांनी दाखवायला लागले. आठ गोरी माणसं ओठांचा चंबू करून डोंगर दाखवताना तू पाहायला हवी होतीस.

आजीच्या शेतात पीचची झाडं दाखवली. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी सैन्याने आपल्या लोकांना हाकलताना झाडं तोडली होती आणि परत आल्यावर आपल्या बायांनी ती पुन्हा लावली, हेही सांगितलं. मग मटण आणि तव्यावरच्या रोट्या खाल्ल्या.

जेवण आटोपतंय तेवढ्यात विल्सनचा घोडा आला आणि त्याच्या मागच्या घोड्यावर तुझे साहेब. वाटाड्याशिवाय दरीत येता येत नाही, म्हणून त्यांनी विल्सनला गाठलं होतं. साडेतीन तास घोड्यावर. उतरल्यावर त्यांना पाय जवळ आणता येईनात. मी वाढलेलं ताट दिलं, ते उभ्यानेच जेवले.

जेवल्यावर त्यांनी खिशातून तुझा कागद काढला. "आता गोष्ट."

मी म्हटलं, "साहेब, ही हिवाळ्यातली आहे. आत्ता नाही."

"पाहुण्यांनी यासाठी पैसे मोजलेत."

"मग त्यांना हिवाळ्यात बोलवा."

"तुम्हाला सांगायची नसेल तर मी वाचतो," असं म्हणून त्यांनी चष्मा लावला.

मी वाद घातला नाही. ऐकायची नसलेली गोष्ट सुरू झाली की माणूस उठून जातो, मी उठले. विल्सनही उठला, दोन्ही घोड्यांना घेऊन. आम्ही मक्याच्या पलीकडे, आवाज पोचणार नाही इतक्या लांब जाऊन बसलो. रोशेल, खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला वाटलं की संपलं. तुझी दोन वर्षंही मी पाण्यात घातली. विल्सनने पाण्याची बाटली पुढे केली.

मान वर केली तर मिसेस प्रुइट मक्यातून येत होती. येऊन माझ्याशेजारी बसली. मग तो कॅमेरेवाला आला. मग ते शिक्षक नवराबायको. एकेक करून आठही आले. साहेब झाडाखाली कागद धरून एकटे राहिले.

मिसेस प्रुइट म्हणाली, "जे उन्हाळ्यात सांगता येतं ते सांगा."

मी म्हटलं, उन्हाळ्यात स्वतःला सांगता येतं. मग मी आपली चार कुळं सांगितली. आईकडून कडू पाणीवाले, वडिलांकडून मीठवाले, आणि दोन्ही आजोबांची. म्हटलं, आता तुमची. आधी सगळे गोंधळले. मग कॅमेरेवाला म्हणाला, आईकडचे कोळसा खाणवाले. शिक्षिका म्हणाली, आमचे बोटी बांधणारे. मिसेस प्रुइटला आईची आई आठवेना. मग ती म्हणाली, "चांभार. ती बूट शिवायची, तिची बोटं काळी होती, मी साठ वर्षांत कुणाला हे बोलले नाही." आणि ती रडली, मीही रडले. विल्सन घोड्याचा खूर तपासायला लागला.

शेवटी मागे खाकरल्याचा आवाज आला. साहेब. "माझ्या आईचे लोक पाव भाजायचे," एवढं म्हणाले आणि कडेला उभे राहिले. बसता येत नव्हतं ना.

परतताना ते पुढे माझ्या शेजारी कसेबसे बसले. मोटेलच्या दारात म्हणाले, "तुम्ही कागद पाळला नाहीत."

आता तुला काय कळलं ते लिही.

मावशी


फिनिक्स
२१ जुलै १९९६

प्रिय मावशी,

साहेबांनी फाइल बंद केली. म्हणाले, "बाई गाडी उत्तम चालवते. चालक म्हणून ठेवू. बोलायला आपला माणूस बसेल." म्हणजे पुन्हा तेच, चाक तुझं आणि तोंड त्यांचं.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं. मग तीन मजले चढून साहेबांकडे गेले आणि सांगितलं, तो कागद कंपनीतल्या कुणी लिहिलेला नाही, मी लिहिला होता. तुलाही तेच सांगायचं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवलं मी. गोष्ट इथल्या वाचनालयातल्या एका पुस्तकातून उतरवली. साहेबांना पटवायला काहीतरी जबरदस्त हवं होतं, आणि आपल्या घरातली एकही गोष्ट मला येत नव्हती. माझ्या बरोबरीच्या भावंडांना येतात. मी आले की ती गप्प व्हायची. मला वाटायचं, मी अर्धी परकी आहे म्हणून.

साहेब म्हणाले, "तुझ्याच माणसांची गोष्ट तुला पुस्तकातून घ्यावी लागली?"

मी तुझा दिवस बुडवला. मला माफ कर.

रोशेल


चिनली
३० जुलै १९९६

लेकी,

कागद तुझा आहे हे मला मे महिन्यातच कळलं होतं. 'आजीचं झाड' असं कागदात कुठली कंपनी लिहील? पण तुझ्या तोंडून यावं म्हणून गप्प बसले.

आता त्या टोचणाऱ्या ओळीचं उत्तर. तुझी आई तुला घेऊन फिनिक्सला गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. त्यानंतर शाळा सुटली की जूनमध्ये यायचीस आणि ऑगस्टमध्ये जायचीस. एकही हिवाळा तू इथे काढला नाहीस. तुझी आजी तुझ्याकडे बघून तळमळायची. म्हणायची, "पोरीला सांगायचं एवढं आहे आणि ती चुकीच्या महिन्यात येते." भावंडं गप्प व्हायची, कारण आजीने दटावलं होतं.

आणि तुझ्या आईला तरी काय म्हणू? गोष्ट मागितलीस की ती म्हणायची, अजून दव गोठलं नाही. ती तुला टाळत नव्हती. ती खरोखर दव गोठायची वाट बघत होती. अगं, फिनिक्समध्ये दव गोठतं का कधी? चोवीस वर्षं ती बाई खिडकीतून बघत बसली. मी तिला हे कधी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं ती सांगत असेल. तुझ्याइतकीच मी मूर्ख ठरले.

तू परकी नाहीस. कडू पाणीवाल्यांची आहेस, आईकडून, म्हणजे पुरती. माफी मागू नकोस, मला राग येईल.

साहेबांना माझा निरोप दे. नुसतं चाक नको. सत्तावीस वर्षं चालवलं, हात भरून पावले.

मावशी


फिनिक्स
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय मावशी,

पुन्हा बसून वाच.

तुझा निरोप मी शब्द न बदलता दिला होता. साहेब हं म्हणाले. मग ऑगस्टच्या मध्यापासून पत्रं यायला लागली. पहिलं कॅमेरेवाल्याचं. मग शिक्षक दांपत्याचं. मग बाकीच्यांची. आठही आली, मावशी. सगळ्यांचा मजकूर जवळपास एकच: त्या बाईंनी जी गोष्ट सांगायला नकार दिला, ती ऐकायला आम्हाला हिवाळ्यात यायचं आहे. मिसेस प्रुइटने तर आपल्या गावच्या अकरा जणांची नावं जोडली आहेत आणि खाली लिहिलंय, माइकवाला असेल तर आम्ही येणार नाही.

साहेबांनी सगळी पत्रं टेबलावर पसरली. म्हणाले, "मी पंधरा वर्षं सहली विकतोय. नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक वाढलेलं पहिल्यांदा बघतोय." मग मला विचारलं, "तुझ्या मावशीच्या अटी काय आहेत?"

मी तुला न विचारता सांगून टाकल्या. कागद नाही, माइक नाही. दिवसाचा क्रम तुझा. पत्रकावर तुझं नाव. हिवाळ्यातली गोष्ट हिवाळ्यात, आणि तीही तुला वाटली तर. साहेबांनी एकेक लिहून घेतली. शेवटी म्हणाले, "आणि एक माझी. मला कुणीतरी वेळेवर उठवायचं."

आता तू हो म्हण. आईला हे वाचून दाखवलं. तुझं मागचं पत्रही, दवाचं. ती म्हणाली, "मी दर डिसेंबरला पहाटे उठून गवताला हात लावून बघायचे." एवढंच.

रोशेल


चिनली
२ नोव्हेंबर १९९६

लेकी,

करार सही करून पाठवला आहे. विल्सन साक्षीदार आहे, त्याने सही इतकी मोठी केली की माझ्या नावाला जागा उरली नाही, म्हणून मी वर लिहिलंय. पत्रकही आलं. 'एलोइसबरोबर एक दिवस.' मी ते टपाल कचेरीत, किराणा दुकानात आणि शाळेच्या बस थांब्यावर स्वतः चिकटवलं. सत्तावीस वर्षं पोरांना गप्प बसा म्हणणाऱ्या बाईला आता बोलायचं काम मिळालं, असं सगळं गाव हसतंय. हसू दे. मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसतेय.

मिसेस प्रुइटची मंडळी १४ डिसेंबरला येणार. साहेबही येतायत. त्यांच्यासाठी जाड गादी काढून ठेवली आहे.

पण तू आणि तुझी आई त्यांच्या आधी या, नोव्हेंबर संपायच्या आत. आठवड्यापूर्वी दव गोठलं. अंगणातल्या बादलीवर पापुद्रा धरला होता, मी तो बोटाने मोडून पाहिला, खरा होता. साप गेले, ढग गेले, मेंढ्यांच्या पाठीवर पांढरं दिसतंय. पाहुण्यांनी घरातली पहिली गोष्ट ऐकावी आणि घरच्या लेकीने नंतर, हे माझ्या हयातीत होणार नाही. मी सुरुवात करेन. मी दमले की तुझी आई पुढे नेईल. तिला सगळ्या येतात, आजीच्या शब्दांत येतात, चोवीस वर्षं तिने त्या तशाच धरून ठेवल्या आहेत.

डिसेंबरसाठी ऑफिसात चार दिवसांची रजा मागितलीस असं तुझ्या आईने कळवलं. चार दिवसांत काय होणार? तुझे चोवीस हिवाळे बाकी आहेत. रजा मोठी काढ.

मावशी